ओटीपी अजून तिच्याच मोबाईलवर यायचा

महिन्याची वीस तारीख, रात्रीचे सव्वादहा. मुलगा झोपलाय. ती ओटा पुसून फडकं पिळतेय, तेवढ्यात मोबाईलवर सहा आकडे येतात. पाठोपाठ फोन. स्क्रीनवर नाव उमटतं : 'अहो'.

"आला काय ओटीपी? सांग की पटकन."

घटस्फोटाचा अर्ज दाखल होऊन तेव्हा चार महिने झाले होते.

मी कोल्हापुरात समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण तिच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि नावं मुद्दामच दिलेली नाहीत. तिचं बोलणं मात्र आहे तसं ठेवलंय. ती आपल्याकडच्या बायकांसारखी 'मी आलो, मी दमलो' म्हणते, ते पुण्याच्या मराठीत घातलं तर ती तिची राहणार नाही.

वय छत्तीस, पतसंस्थेत क्लार्क. लग्नाला अकरा वर्षं, मुलगा चौथीत. नवऱ्याचं उद्यमनगरात वर्कशॉप, दोन लेथ आणि एक सीएनसी, शिरोली एमआयडीसीतली जॉबवर्कची कामं. मारहाण नाही, दारू नाही, बाहेर दुसरी बाई नाही. कर्जं होती. तिला न सांगता काढलेली, एकाचे हप्ते भरायला दुसरं, आणि शेवटी तिचं स्त्रीधन गहाण पडलेलं. विचारलं की तो आठ-आठ दिवस बोलायचा नाही. "भांडला असता तर बरं झालं असतं बघा," ती म्हणाली होती. मंगळवार पेठेतलं सासर सोडून ती मुलाला घेऊन राजारामपुरीत दोन खोल्यांत राहायला आली. तेरा महिन्यांनी, एप्रिलमध्ये, दोघांनी संमतीनं अर्ज केला. माझ्याकडं आली ती जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर.

पहिल्या भेटीत तिची तक्रार नवऱ्याबद्दल नव्हतीच. झोप लागत नाही, अंगात कणकण असते, काउंटरवर बेरीज चुकते. "वेगळं झालो तरी मोकळं वाटंना. असं का?"

मी तिला एक काम दिलं. आठवडाभर वहीत लिहायचं : सासरच्या माणसांसाठी आज मी काय केलं. तिला वाटलं दोन-चार ओळी होतील. साडेतीन पानं झाली. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या ऑनलाइन मागवल्या. नणंदेच्या मुलीच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म बघून दिला. वर्कशॉपचं विजेचं बिल आपल्या ॲपवरून भरलं, "तो नंतर देतो म्हणाला." नवऱ्याच्या मित्राच्या वास्तुशांतीला आहेर काय द्यायचा ते सांगितलं. आणि अकरा तारखेचा ओटीपी. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा वर्कशॉपची नोंदणी हिनंच केली होती आणि मोबाईल नंबर स्वतःचा टाकला होता. अकराला विक्रीचं विवरण, वीसला कराचं. त्यामुळं घर सोडून सव्वा वर्ष झालं तरी महिन्यातून दोनदा नवऱ्याला तिच्या आवाजाची गरज पडत होती, आणि खरं सांगायचं तर तिलाही ती गरज पडत होती. हे दुसरं तिनं फार उशिरा कबूल केलं.

तो चिडला आणि सही मागं घेतली तर?

"नाही म्हणून का सांगत नाहीस?" या प्रश्नावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. ते भाबडेपणाचं नव्हतं, कायद्याचं होतं.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यातल्या कलम १३-ब खाली संमतीनं घटस्फोट मागायचा तर आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यावर दुसऱ्या तारखेपर्यंत सहा महिने थांबायचं, जास्तीत जास्त अठरा महिने. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात. पण त्या निकालानुसार पहिल्या अर्जाआधीच एक वर्ष अधिक सहा महिने, म्हणजे दीड वर्ष उलटलेलं हवं, मध्यस्थीचे प्रयत्न संपलेले हवेत, पोटगी आणि मुलाच्या ताब्याचं ठरलेलं हवं. यांचे तेराच महिने झाले होते. वकिलांनी सांगितलं, थांबा.

आणि या थांबण्यात एक मेख आहे. हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागं घेऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच ते स्पष्ट केलंय. म्हणजे सहा महिने ना धड बायको, ना धड मोकळी. समोरच्याला दुखवायचं नाही, कारण त्याच्या एका सहीवर आपलं सगळं अडलेलं. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी बायका (आणि पुरुषही) या काळात आयुष्यात कधी नव्हते इतके गोड वागतात. आतून पोखरून निघतात.

मी तिला एवढंच विचारलं, "त्याला सही मागं घ्यायचीच असली तर ओटीपी सांगितल्यावर घेणार नाही का?"

ती हसली. मग गप्प झाली. पुढच्या भेटीला म्हणाली, वकिलांना विचारून आलो. सही मागं घेतलीच तर क्रूरतेच्या कारणावर वेगळा अर्ज करता येईल, गहाण टाकलेल्या दागिन्यांच्या पावत्या आहेत, वेळ लागेल पण वाट बंद होणार नाही. मला वाटतं, त्या दिवशी तिला झोप लागली असणार. भीती खोटी आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. भीती खरी निघाली तर पुढं काय, हे तिला कळलं होतं.

बांध

तिसऱ्या भेटीला तिचे वडील सोबत आले. करवीर तालुक्यातले ऊस लावणारे शेतकरी, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. पोरीला 'मानसिक' डॉक्टरकडं कशाला न्यायचं, हे बघायला आले होते. मी आपली पुस्तकी भाषेत सुरू झाले : नात्यात मर्यादा लागतात, सीमारेषा आखावी लागते, बाउंड्री म्हणतात तिला. त्यांचा चेहरा कोरा. मग म्हणाले, "म्हंजी बांध."

म्हटलं, हो, बांध.

"शेजारी बांध एका रातीत फोडत न्हाई, मॅडम. दरसाली नांगरताना एक तास आत घेतो. एक तास म्हंजी नांगराची एक रेघ, हे एवढं." त्यांनी वीतभर हात दाखवला. "आपुन म्हणतो, जाऊ दे, भावकीतला हाय. धा वर्सांनी बघावं तर बांध आपल्या उसात."

"मग काय करायचं?"

"भांडायचं न्हाई. भांडून बांध सरकत न्हाई. मोजणी आणायची, हद्द कायम करून घ्यायची, दगड रोवायचा. आन दगड कुठं हाय ते आपुन ध्यानात ठेवायचं. त्याच्या ध्यानात ऱ्हाईल म्हणून बसायचं न्हाई."

दगड आपण ध्यानात ठेवायचा. समुपदेशनाच्या वर्गात आम्हाला हे शिकवायला दोन तास घेतात : मर्यादा म्हणजे समोरच्याला घातलेली अट नव्हे, 'असं झालं तर मी काय करणार' हा आपला स्वतःशी झालेला ठराव. 'तू रात्री फोन करू नकोस' हे म्हणणं त्याच्या हातात. 'नऊनंतर मी फोन उचलणार नाही' हे तिच्या हातात.

मी विचारलं, "मधून वहिवाट असली तर?"

"ती ठेवायचीच. वाट अडवली की तहसीलदाराकडं केस हुतीया." आणि पोरीकडं न बघता म्हणाले, "नातवाला बापाकडं जायला वाट पायजे."

पुढं आमच्या सगळ्या बोलण्यात हे दोन शब्द राहिले. बांध आणि वहिवाट. कुठलीही नवी मागणी आली की ती विचारायची, ही वहिवाट आहे काय, की एक तास आत? मुलाला ताप आलाय म्हणून रात्री अकराला फोन, ही वहिवाट. वर्कशॉपमधला कामगार सोडून गेला म्हणून मन मोकळं करायला रात्री अकराला फोन, हा एक तास आत.

इथं एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. ज्या घरात मारहाण, धमकी, पाठलाग आहे, तिथं हे 'फोन उचलू नको, शांत राहा' चालत नाही. तिथं नकार ऐकल्यावर धोका वाढू शकतो. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी आहेत, १८१ आणि ११२ हे नंबर आहेत, आणि आधी सुरक्षित जागा, मग बाकीचं. हिच्या बाबतीत तसं नाही याची मी पहिल्या दोन भेटींत नीट खात्री करून घेतली होती.

दीडशे रुपये

ऑगस्टच्या वीस तारखेला तिनं ओटीपी सांगितला. ठरवून, शेवटून तिसरा म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज पाठवला. तो मेसेज आम्ही चार वेळा खोडला होता. पहिल्या मसुद्यात अकरा वर्षांचा पाढा होता, दुसऱ्यात 'कृपया राग मानू नका' तीनदा. शेवटी उरला तो असा :

'जीएसटीला माझा नंबर आहे तो बदलून घ्या. तुमच्या करसल्लागारांना पोर्टलवर दहा मिनिटांचं काम आहे. ११ सप्टेंबरचा ओटीपी सांगेन. २० तारखेचा सांगणार नाही.'

उत्तर आलं, 'बघू.'

अकराला सांगितला. वीसला रात्री सहा आकडे आले, फोन आला, तिनं उचलला नाही. त्या रात्री एकूण चौदा मिस्ड कॉल. मग सासूबाईंच्या फोनवरून एक. मग मेसेज, 'एवढी माजलीस काय.' मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की असं होणार. वर्षानुवर्षं दार ठोठावल्यावर उघडत आलंय, एक दिवस उघडलं नाही तर माणूस निघून जात नाही, आधी जोरात ठोठावतो. त्या जोराला घाबरून दार उघडलं तर त्याला एवढंच कळतं की इथं चौदा वेळा ठोठावावं लागतं.

विवरण तीन दिवस उशिरा भरलं गेलं. विलंब शुल्क दिवसाला पन्नास रुपये, म्हणजे दीडशे, वर थोडं व्याज. ती माझ्यासमोर त्या दीडशे रुपयांसाठी अर्धा तास रडली.

"माझ्यामुळं दंड पडला. अकरा वर्षांत एकदा पण पडला नव्हता."

मी समजूत काढली नाही. अकरा वर्षं दंड पडला नाही याचा अभिमान तिचा होता, आणि तो सोडायचा होता. ओटीपी हातात असणं म्हणजे त्या वर्कशॉपच्या खुर्चीवर अजून अर्धं बसून असणं. तो तिला सोडत नव्हता हे खरं. तिचाही एक पाय तिथंच होता.

त्याच तीन दिवसांत नंबर बदलला होता. बदलाच्या अर्जालाही शेवटचा एक ओटीपी लागला. तो तिनं दुपारी बारा वाजता, काउंटरच्या मागं उभं राहून सांगितला. त्याच दुपारी मोबाईलमधलं 'अहो' हे नावही बदललं. आधी नुसतं नाव लिहिलं, ते परक्यासारखं वाटलं. भाऊ 'तो माणूस' म्हणायचा, तेही नको होतं. शेवटी मुलाचं नाव आणि पुढं 'पप्पा'. आता फोन वाजला की स्क्रीनवर कामाचं नातं तेवढं दिसतं.

माझी चूक

मुलाच्या बाबतीत मी दिलेला सल्ला फसला, तोही लिहायला हवा.

सुरुवातीला निरोप मुलाच्या तोंडून जायचे. 'पप्पांना सांग, व्हॅनची फी राहिलीय.' 'मम्मीला सांग, पैसे काय झाडाला लागत नाहीत.' पोरगं हुबेहूब बापाच्या सुरात येऊन सांगायचं, भुवई सुद्धा तशीच उडवून. ते थांबावं म्हणून मी सुचवलं, शंभर पानी वही करा, दप्तराच्या मागच्या कप्प्यात ठेवा, जे लिहायचं ते त्यात. महिनाभर बरं चाललं. मग एका शनिवारी रात्री मुलगा तिला म्हणाला, "मम्मी, अर्धी फी मी नाही गेलो सहलीला तर वाचेल ना?"

तो वही वाचत होता. वाचणारच. चौथीतलं पोर आहे, वाचायला आम्हीच शिकवलंय. तोंडी निरोप्याला मी लेखी पोस्टमन केलं होतं.

वही बंद झाली. त्याऐवजी रविवारी रात्री आठ वाजता एकच मेसेज : आठवड्याची शाळा, तब्येत, खर्च. उत्तर सोमवारपर्यंत. तातडीचं म्हणजे काय तेही ठरलं, ताप, अपघात, शाळेतून आलेला फोन. बाकी सगळं रविवारी. त्याचबरोबर तिनं वकिलांना सांगून अटींचा मसुदा बदलून घेतला. आधी लिहिलं होतं, 'वडील मुलास सोयीनुसार भेटू शकतील.' हे 'सोयीनुसार' फार गोड दिसतं. सगळी भांडणं तिथंच उगवतात. नव्या मसुद्यात आलं, दुसरा आणि चौथा शनिवार संध्याकाळी पाच ते रविवार संध्याकाळी सहा. दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी. मुलाला न्यायचं-आणायचं ते इमारतीच्या फाटकापाशी, वरती नाही. 'वरती नाही' या दोन शब्दांवर तो थोडा अडला. मग मान्य केलं. मला वाटतं, त्यालाही वर येऊन त्या दोन खोल्या बघायच्या नव्हत्या.

पोटगीचं मी इथं लांबवत नाही. मुलाच्या खर्चाची रक्कम ठरली, दर महिन्याच्या पाच तारखेला थेट खात्यात. आणि 'आठवण मी करणार नाही, दोन महिने आली नाही तर वकील पत्र पाठवतील', हे तिनं एकदाच सांगितलं.

सासूबाई

नवऱ्याशी बांध घालणं तिला जमलं. सासूबाईंशी जमेना, कारण तिथं राग नव्हता. हिच्या बाळंतपणात त्यांनी रात्र-रात्र पाय चेपले होते. हिचं स्त्रीधन गहाण टाकल्याचं कळलं तेव्हा त्या पोराशी महिनाभर बोलल्या नव्हत्या.

त्या वर्षी गौरीला त्यांनी बोलावलं. "गौर आणायला सून लागती. तू आलीस तरच आणतो, न्हाईतर यंदा बसवत न्हाई." ती गेली. हळदी-कुंकवाची पावलं उमटवली, पाटावर गौर बसवली, नैवेद्याला भाजी-भाकरी केली. कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो भावकीच्या ग्रुपवर, खाली 'घरची लक्ष्मी घरी'. दुसऱ्या दिवशी काउंटरवर तीन माणसांनी विचारलं, "मग नांदायला गेलीस म्हणं?" तिच्या भावानं फोन करून तोंडसुख घेतलं. आणि सगळ्यात वाईट, मुलानं विचारलं, "आता आपण तिकडंच राहणार?"

पोराला परत एकदा सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. त्या सणाची किंमत त्यानं मोजली.

हुकूम ऑक्टोबरअखेर झाला. डिसेंबरात एका दुपारी माझ्या खोलीचा जिना चढून एक बाई आल्या. सत्तरीच्या आसपास, नऊवारी, दम लागलेला, हातात डबा. "मी तिची सासू. शेंगदाण्याच्या पोळ्या हाईत, तिला आवडत्यात. तुमच्याकडं येती नव्हं?"

मी कुणाबद्दलच, कोण येतं-जातं हे सुद्धा, बोलू शकत नाही, असं सांगितलं. हा माझा बांध. एरवी सहज पाळला जातो. त्या दिवशी जड गेला.

त्या बसल्या. पाणी प्याल्या. म्हणाल्या, "तिच्याबद्दल नका बोलू. माझ्याबद्दल बोला."

मग सांगत राहिल्या. "सही त्या दोघांनी केली. मला कुणी इचारलं? माझी सून गेली ती कुठल्या कागदावर गेली?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. कायद्याला नवरा-बायको कळतात, मुलाचा ताबा कळतो. सासू-सुनेचं जे अकरा वर्षांत तयार झालेलं असतं त्याची तारीख कुठल्याच न्यायालयात लागत नाही. मी त्यांना डबा परत दिला. त्यांना हवं असेल तर त्यांच्यासाठी वेगळी वेळ देईन म्हटलं, पण ती माझ्याकडं नको, दुसऱ्या समुपदेशकाकडं घालून देते. त्या हसल्या. "मला काय यड लागलंय?"

पुढच्याच भेटीत तिनं स्वतः विषय काढला. सासूबाईंनी तिला फोन करून सगळं सांगितलं होतं, डबा परत दिल्यासकट. "मॅडम, त्यांना तोडायचं नाही मला. पण सून म्हणून पण राहायचं नाही. मधलं काय असतंय?"

मधलं शोधायला तीन भेटी गेल्या. तिनं काढलेला तोडगा असा : औषधं आणि दवाखाना यापुढं त्यांच्या मुलानं बघायचं, तिनं गोळ्यांची यादी आणि डॉक्टरांच्या तारखा लिहिलेला कागद त्याला एकदा पाठवून दिला आणि हात काढून घेतला. मंगळवार पेठेतल्या घरात पाऊल टाकायचं नाही, सण असो, आजारपण असो. महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी दोघी अंबाबाईच्या दर्शनाला जायच्या, महाद्वार रोडवर चहा घ्यायचा, आणि 'त्याच्या'बद्दल बोलायचं नाही. पहिल्या शुक्रवारी सासूबाईंनी तीनदा बोलायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ती चहा अर्धा ठेवून उठली आणि म्हणाली, "आत्या, पुढच्या महिन्यात भेटू." पुढच्या महिन्यात त्या शेवग्याच्या भावाबद्दल बोलल्या.

'आत्या' हे नवीन. लग्नानंतर अकरा वर्षं ती त्यांना 'आई' म्हणत होती. वडिलांच्या गावाकडं सासूला आत्याच म्हणतात, पण आत्या सासू नसतानाही असतेच.

आपल्याच बाजूची माणसं

भावाबद्दल थोडं. त्यानं बहिणीच्या बाजूनं लढायचं म्हणून व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टोमणे टाकायला सुरुवात केली होती, दाजींच्या वर्कशॉपात जाऊन 'बघून घेऊ' म्हणूनही आला होता. हा प्रेमाचा अतिक्रम. तिनं त्याला एकच सांगितलं : तुझा राग तुझा आहे, माझ्या नावावर खर्च करू नकोस, परत तसं केलंस तर कोर्टाचं काही तुला सांगणार नाही. त्यानं परत केलं. तिनं सांगणं बंद केलं. दोन महिन्यांनी तो गप्प झाला, आणि राखी पौर्णिमेला आला तेव्हा मुलाला फुटबॉल घेऊन आला. विषय संपला.

आत्याबाई, मामी, गल्लीतल्या काकू यांचं पालुपद होतं, "आपल्यात असं कुणी केलेलं नाही." यावर तिच्या वडिलांनीच एकदा तोंड उघडलं. त्यांच्या चुलतआजीची काडीमोड झाली होती, पंचांसमोर, आणि दुसरीकडं नांदून ती नव्वदीत गेली. काडीमोड हा शब्द आपल्याकडं काही कोर्टानं आणलेला नाही. शाहू महाराजांनी तर १९१९ मध्ये, देश पारतंत्र्यात असताना, संस्थानात घटस्फोटाचा कायदा केला होता. महाराजांच्या जयंतीला दसरा चौकात हार घालणाऱ्या गावात हे दर वेळी आठवण करून द्यावं लागतं, याची मला गंमतही वाटते आणि रागही येतो.

काउंटरवरच्या प्रश्नांसाठी मात्र तिला तयारी लागली. पतसंस्थेत येणारा निम्मा गाव ओळखीचा, आणि "काय, मिटलं काय?" हा प्रश्न आपुलकीचाच असतो. खोटं बोलायचं नाही, खुलासा द्यायचा नाही, तोडूनही टाकायचं नाही. आम्ही माझ्या खोलीत नाटकासारखा सराव केला, मी ग्राहक व्हायची. दहा-बारा वाक्यं करून बघितली. टिकलं ते एकच, तिनंच शोधलेलं :

"मिटलं की. बोला, पावती कुणाच्या नावावर करू?"

फाईल बंद करताना

एकूण सतरा भेटी झाल्या. झोप सुधारली, बेरीज जुळायला लागली. रविवारचा मेसेज चालू आहे, अधूनमधून त्यात एखादं टोचणारं वाक्य येतं, ती त्याला उत्तर देत नाही, फीचा आकडा तेवढा लिहिते. तारखेच्या दिवशी तो दोनदा मुलाला न्यायला आला नाही. तेव्हा तिनं 'पप्पांना काम होतं' असं सांगितलं नाही. "पप्पा आज येणार नाहीत, का ते मला माहीत नाही, तू पुढच्या वेळी विचार," एवढंच. हे तिला सगळ्यात जड गेलं असं ती म्हणते. अकरा वर्षं त्याची बाजू जगापुढं मांडायची सवय होती.

विमा, बँक, भविष्य निर्वाह निधी, सगळीकडची नामनिर्देशनं तिनं बदलली. घटस्फोट झाला म्हणून ती आपोआप बदलत नाहीत, हे पतसंस्थेत बसून रोज लोकांना सांगणारी बाई स्वतःचं करायला आठ महिने लावते, यावर आम्ही दोघी हसलो. आडनाव तिनं ठेवलं. मुलाचं आणि आपलं एक असू दे, म्हणाली. बदलायलाच हवं असं कायदा म्हणत नाही आणि मीही म्हटलं नाही.

शेवटच्या भेटीत मी यादीवरून हात फिरवत विचारलं, "काही राहिलं काय?"

ती पर्सची चेन उघड-बंद करत राहिली. मग म्हणाली, "लॉकर आहे. दोघांच्या नावावर."

"आत काय आहे?"

"काय न्हाई. दागिने गेलेच की. बोरमाळेचा रिकामा डबा आहे, आणि पोराचं पहिलं वाळं."

"भाडं?"

"अर्धं तो भरतो, अर्धं मी. कुणी विषय काढत नाही."

मी पेन उचललं होतं. तिनं माझ्या हाताकडं बघितलं.

"ते राहू दे, मॅडम. एवढं राहू दे."

मी पेन खाली ठेवलं. बाहेर पावसाची सर आली होती. तिनं जिन्यात थांबून छत्री उघडली, वर वळून म्हणाली, "येतो मी," आणि गेली.